बगळ्याला न भिणारे मासे

म्हातारा मच्छीमार तीस वर्षं एक गोष्ट लपवत आला होता. त्याच्या जाळ्यात दर खेपेला चार-दोन पोट फुगलेले मासे येत. कुणाच्या नजरेस पडायच्या आत तो ते तळ्यात सोडून देई. पोटातला पांढरा लांबलचक किडा गिऱ्हाइकाने एकदा पाहिला की धंदा बसलाच म्हणून समजा.

आणि आता जेवताना त्याची सून नेमकं तेच विचारत होती. ती प्रयोगशाळेत नोकरीला होती. हवेचा पंप बंद पडून तिच्या टाकीतले मासे मेले होते, आणि त्यांच्या पोटातले तसलेच पांढरे किडे, म्हणजे ती अभ्यासत असलेले पट्टकृमीही.

"बाबा, दोन वर्षांचं काम गेलं. आपल्या तळ्यात तसले मासे असतील का हो?"

"आपल्या तळ्यात? छे! भलतंच काहीतरी."

तिचे डोळे रडून सुजलेले होते. म्हातारा अर्ध्या ताटावरून उठला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो बादली घेऊन प्रयोगशाळेच्या दारात उभा राहिला.

"हे घे. पण कुठं बोलू नकोस."

तिने एक मासा चिरला. आतला कृमी जवळजवळ माशाच्याच वजनाचा निघाला. म्हाताऱ्याने तोंड फिरवलं. तिने मात्र तो अलगद उचलून कोमट द्रवाच्या नळीत सोडला.

"एरवी बगळ्याने मासा गिळला की त्याच्या पोटातल्या उबेत हा अंडी घालतो; इथं तेवढीच ऊब नळीत देतो. मग याचं अख्खं आयुष्य आम्हाला काचेत बघता येतं. परका जीव आत घर करतो तेव्हा शरीर काय करतं, ते यालाच विचारायचं."

"म्हणजे हा तुमचा मास्तर?"

ती दोन दिवसांत पहिल्यांदा हसली. "पण नेमके हेच कसे पकडलेत?"

"त्यात काय! पाण्यावर हाताची सावली पाडायची. धडधाकट मासा धूम ठोकतो. हा ढिम्म हलत नाही. बगळा आला तरी वरच तरंगतो."

सुनेने वही ओढली. कुठल्या महिन्यात जास्त, कुठल्या काठाला, थंडीत किती? म्हातारा सांगत गेला, अगदी सालवार. चार पानं भरली.

"बाबा, तुमच्याइतकी वर्षं यांच्यावर कुणी लक्ष ठेवलेलं नाही. पण हे शोधनिबंधात छापायचं तर तळ्याचं नाव द्यावं लागेल."

त्याने बादलीत हात घालून एक फुगलेला मासा उचलला आणि परत सोडला.

"गिऱ्हाईक तुटेल थोडं," तो शेवटी म्हणाला. "लिही."

गिऱ्हाईक तुटलं, तेही थोडं नव्हे. सावरायला वर्ष गेलं. पण बादली आणल्यापासून तिसऱ्याच दिवशी सुनेने त्याला सूक्ष्मदर्शकाशी बसवलं होतं, आणि एक डोळा मिटून, श्वास रोखून तो पुटपुटला होता, "अगं, किती इवली अंडी ही!"