आर्डिथने एकदा सांगितलं होतं

ही गोष्ट १९९६ सालच्या मे महिन्यातली, शनिवारची. ओहायो नदीकाठच्या त्या चढावरच्या वस्तीत तेव्हा पोलादाचा कारखाना कसाबसा तग धरून होता. शनिवारी कुणाच्या गाडीचं बॉनेट उघडलं की आजूबाजूचे पुरुष बोलावल्यासारखे जमत.

आर्डिथची मुलगी ट्वायला बावीस वर्षांची. त्या दिवशी कोलंबस शहरात तिची नर्सिंग कॉलेजची प्रवेश परीक्षा होती. एक वाजता दार बंद होणार, आणि पुन्हा परीक्षा थेट पुढच्या वर्षी. रस्ता अडीच तासांचा. दहाला ती गाडीत बसली. इंजिन सुरू झालं, पण गिअरची दांडी ‘पार्क’वरून हलेना.

“डॅड, ही अडकलीय!”

“ब्रेक दाबलायस ना?” हार्लनने पायरीवरून विचारलं.

“मी काय आज गाडी शिकतेय?”

हार्लनने स्वतः ओढून पाहिलं, मग बॉनेट उघडलं. त्यांची मालवाहू गाडी पुढे गॅरेजात होती आणि ही तिच्या वाटेत आडवी. शेजारचा डेल्बर्ट आला, समोरचा लिऑन आला.

“उतारावर हँडब्रेक न लावता उभी केली असणार. सगळा भार गिअरवर आलाय. वर ढकला,” डेल्बर्ट म्हणाला.

तिघांनी ढकललं. दांडी जागची हलली नाही.

“गिअरबॉक्स गेला रे,” लिऑन धापा टाकत म्हणाला. “आता हिच्यात कोंबड्या पाळ.”

सगळे पुरुष गाडीच्या पुढे. मागे, टपालपेटीपाशी, एकटी आर्डिथ. ट्वायला आत पुन्हा पुन्हा ब्रेक दाबत होती आणि मागचे लाल दिवे काही लागत नव्हते. आर्डिथने अकरा वर्षं गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात काउंटर सांभाळला होता. या नव्या गाड्यांत ब्रेक दाबल्याचं गाडीला कळलं तरच गिअरचं कुलूप सुटतं, आणि एक फ्यूज गेला की दिवेही बंद, कुलूपही बंद, हे तिला तोंडपाठ होतं.

“हार्लन, मागचे दिवे लागत नाहीयेत. फ्यूज गेलाय. तो...”

“भरदिवसा दिवे कुणाला हवेत, बाई? आम्ही गिअर सोडवतोय. तू कॉफी टाक.”

“काउंटरवर डबे विकून मेकॅनिक होता आलं असतं, तर माझी सासू इंजिनिअर असती,” लिऑन म्हणाला. तिघेही हसले. हार्लन सगळ्यांत मोठ्याने.

आर्डिथ आत गेली. चमचे, रबरबँड, मेणबत्त्या, जुन्या किल्ल्या असलेल्या खणात फ्यूजची डबी होती. तिने खण उघडला, डबीकडे पाहिलं, चमचा घेतला आणि खण लावून टाकला. येऊ दे विचारायला, गरज त्याला आहे, तिने मनाशी म्हटलं. त्याच्या मागे आणखी एक विचार होता, तो तिने नीट पाहिलाच नाही: ट्वायला गेली की या टेबलाशी आपण आणि हार्लन, दोघंच.

बाहेर डेल्बर्ट म्हणत होता, “पोरी, माझा ट्रक घेऊन जा.”

“माझी मुलगी माझ्या गाडीतून जाईल,” हार्लन म्हणाला. “दहा मिनिटं थांब.”

साडेदहा वाजत आले होते. आर्डिथ कॉफीचा ट्रे घेऊन आली तेव्हा ट्वायला खिडकीतून तोंड बाहेर काढून म्हणाली, “आई, तुला काही सुचतंय का गं?”

“मला काय कळतं?” आर्डिथ म्हणाली. “तुझ्या डॅडला विचार.”

बोलली ती हार्लनला ऐकू जावं म्हणून. हार्लनचं डोकं बॉनेटखाली होतं. त्याला ऐकूच गेलं नाही.

बाराला डेल्बर्ट आणि लिऑन जेवायला गेले. हार्लन हात धुऊन बेसबॉलचा सामना बघत बसला. ट्वायला पायरीवर बसून होती, मांडीवर परीक्षेचं पत्र. एक वाजून गेल्यावर आर्डिथ डबी घेऊन बाहेर आली, स्टीअरिंगखालचं झाकण उघडलं, जळका फ्यूज काढून नवा बसवला. ब्रेक दाबला. दांडी लोण्यातून सुरी जावी तशी खाली आली.

ट्वायला उठून उभी राहिली. “तुला केव्हापासून माहीत होतं?”

“दहा वाजल्यापासून. मी सांगितलं होतं. सगळ्यांसमोर.”

“मी विचारलं तेव्हा?”

आर्डिथने दांडी पुन्हा ‘पार्क’वर नेली.

गाडी आपणच सोडवली, असं हार्लनने पुढे कित्येक वर्षं सांगितलं. आर्डिथने कधी खोडलं नाही. तो २००४ मध्ये गेला. कारखाना बंद पडल्यावर डेल्बर्ट घर विकून मुलाकडे टेक्सासला गेला. लिऑन अजून समोरच आहे, त्याला आता ऐकू कमी येतं. ट्वायला पुढच्या वर्षी परीक्षेला बसलीच नाही. वृद्धाश्रमाच्या धोबीखान्यात चार वर्षं चादरींच्या घड्या घातल्या, मग एका ट्रकवाल्याशी लग्न करून ॲरिझोनाला गेली. बाप होता तोवर दर रविवारी तिचा फोन यायचा, आणि तो बापासाठीच असायचा. आता नाताळला कार्ड येतं. छापील मजकुराखाली फक्त सही असते, ‘ट्वायला’. आर्डिथ ते फ्रिजवर लावते आणि आल्यागेल्याला सांगते, मुलगी फार कामात असते.