नबाबाचा खुराक

तिकडे अमेरिकेत गोरे आपसात लढत होते आणि इकडे हिवरखेडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. त्या वर्षांत माणसं जरा चळलीच होती, खोटं कशाला बोला? कोणी बैलांच्या शिंगांना चांदी मढवली, कोणी कुत्र्याला तूप पाजलं. खुशालरावानं सगळ्यांवर कडी केली. त्याला अरबी घोडा हवा होता, आणि तोही स्वतः मस्कतला जाऊन, दात मोजून घेतलेला.

"समिंदर ओलांडून? बाटाल ना खुशालराव," नत्थुजी म्हणाला.

"आल्यावर गोमूत्र पिईन बे! तू फकस्त घर पाय अन् नबाबाले पाय. पोळ्याच्या आंधी येतोच मी."

नबाब म्हणजे त्याचा बैल. खुशालरावाला ना बायको ना पोर. जे काही होतं ते नबाबच. पांढराशुभ्र, उंचापुरा, पोळ्याला तोरणाखालून सगळ्यांत आधी जाणारा गावचा मानाचा बैल. "त्याले काई झालं तं मी वापस येऊन करू काय?" असं म्हणताना त्या दांडग्या माणसाचे डोळे भरून आले. नत्थुजीनं त्याच्या हातावर हात ठेवून शब्द दिला.

नत्थुजी शेजारचा माळी. वांगी, भेंडी, दोडकी पिकवायची, गळ्यात तुळशीची माळ, तोंडात कधी उणा शब्द नाही. मिरचीचं रोप लावतानाही तो "बस माय" म्हणायचा. फाल्गुनात तो बायकोला, मनकर्णाबाईला घेऊन खुशालरावाच्या घरी राहायला आला. पहिल्याच संध्याकाळी त्यानं सरकी भिजवली, वर गूळ फोडला आणि टोपलं पुढे केलं. "जेवा नबाबजी."

नबाबानं वास घेतला आणि तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. जनावरांचा वैद्य आला, पोट चाचपून म्हणाला, बैल ठणठणीत आहे. पाचव्या दिवशी नबाबाच्या बरगड्या मोजता येऊ लागल्या आणि नत्थुजीच्याही घशाखाली घास उतरेना. मित्राचा जीव आपल्या हातात सोपवलेला, आणि तो आपल्याच हातात वाळत चालला होता.

शेवटी मनकर्णाबाई म्हणाली, "अवं, त्याले शिव्या लागतात. नबाब आला तवापासून कुंपणावरून ऐकून राहिली मी. खुशालराव टोपलं ठेवत अन् मुडद्या, हलकटा, फुकट्या, असा पट्टा सोडत. तवा कुठं तो तोंड घाले."

"माह्या गळ्यात माळ हाय!"

"अन् त्याच्या पोटात काईच नाई!"

नत्थुजी गोठ्यात गेला. घाम पुसला. मग घसा खाकरून म्हणाला, "अबे... अबे किडक्या वांग्या!"

नबाबाचा कान हलला.

"सडक्या भोपळ्या! कडू दोडक्या! बाजारात भाव न लागलेल्या मुळ्या!"

नबाबानं टोपल्यात तोंड खुपसलं आणि नत्थुजी गोठ्यातच नाचला. माळ शाबूत आणि बैलही शाबूत! तेव्हापासून दोन वेळा हा खुराक सुरू झाला. नत्थुजीच्या मळ्यात जेवढ्या भाज्या आणि त्या भाज्यांवर जेवढे रोग, तेवढ्या शिव्या. सांगू नये, पण त्याला त्याची गोडी लागली. पहाटे पाणी देताना तो नव्या जुळवू लागला.

श्रावणात अकोल्याच्या व्यापाऱ्याकडून निरोप आला. दर्या खवळलाय, गलबतं बंद आहेत, खुशालराव दिवाळीनंतर येईल. म्हणजे नबाबाला पोळ्यात न्यायचं ते नत्थुजीनंच.

पोळ्याला बैल म्हणजे देव. त्या दिवशी त्याला पुरणपोळी भरवायची. चाबूक नाही, उणा शब्द तर नाहीच. झूल घातलेला, बाशिंग बांधलेला नबाब वाजतगाजत तोरणापर्यंत आला आणि खुंट रोवल्यासारखा थांबला. नत्थुजीनं चुचकारलं, हात जोडले, कानात हळूच "दोडक्या" म्हणून पाहिलं. काही नाही.

मागे रामराव पाटील आपला बैल धरून उभा होता. "जात नसंल तं बाजूले घ्या. मान माह्या बैलाले." एकदा गेलेला मान पुन्हा येत नसतो. वाजंत्री थांबली. सारं गाव पाहत होतं.

नत्थुजीनं गळ्यातली माळ काढून मनकर्णाबाईच्या हातात दिली, मारुतीकडे तोंड करून हात जोडले आणि तोंड उघडलं. भाज्या पहिल्याच दमात संपल्या. पुढे जे आलं ते आपल्या पोटात आहे, हे त्याचं त्यालाही ठाऊक नव्हतं. "अबे मुडद्या! हलकटा! तुहा धनी तिकडं घोड्याचे दात मोजून राहिला अन् इकडं माहा जीव जाऊन राहिला! चाल, बयताडा, चाल!"

बायांनी कानांवर पदर घेतले, पण ऐकू येईल एवढी फट ठेवून. नबाबानं मान झटकली, घुंगरं वाजवली आणि नवरदेवाच्या तोऱ्यात तोरणाखालून निघून गेला. पोळा फुटला, गावाला हसू आवरेना. पंचांनी नत्थुजीला मारुतीपुढे एकवीस दिवे लावायची शिक्षा दिली. त्यानं आनंदानं बावीस लावले आणि माळ पुन्हा गळ्यात घातली.

कार्तिकात खुशालराव आला, घोड्याशिवाय. शिवी दिली की तो घोडा लाथ मारायचा, म्हणून मुंबईच्या बंदरावरच पडत्या भावात विकून टाकला होता. जोडेही न काढता खुशालराव गोठ्यात धावला, टोपलं पुढे केलं. "अबे मुडद्या, हलकटा, आलो मी!"

नबाबानं एकदा पाहिलं. मग धन्याच्या खांद्यावरून मागे, दारात उभ्या नत्थुजीकडे पाहत राहिला. सरकीला तोंड लावलं नाही.

खुशालराव ओट्यावर येऊन बसला. मनकर्णाबाईनं ताट वाढलं, त्यानं ते सरकवलं. "माहा बैलच गेला, आता काय जेवू?"

"जेवा खुशालराव," नत्थुजी म्हणाला. दोनदा म्हणाला, तीनदा म्हणाला. खुशालराव भिंतीकडे तोंड करून बसलेला.

नत्थुजीचा हात माळेकडे गेला आणि तसाच खाली आला. वीस वर्षं ज्याला तो 'तुमी' म्हणत आला, त्याच्यापुढे तो ठाण मांडून उभा राहिला.

"अबे सडक्या भोपळ्या! आठ महिने तुही वाट पाहून माहे डोये आटले. मुकाट्यानं गिळ!"

खुशालराव दचकून वळला. मग तो खदाखदा हसला आणि डोळे पुसत त्यानं ताट ओढलं. त्याच वेळी गोठ्यातूनही सरकी चावल्याचा कुरकुर आवाज येऊ लागला.