मी छापलेला कोरा रकाना

मित्रांनो, मला जुनी म्हणा, माझी काही हरकत नाही. पण बिचारी म्हणू नका. मी पायाने चालवायची छपाईची मशीन आहे. अंगाने सगळी लोखंडी आणि स्वभावानेही बरीचशी तशीच. माझी गोष्ट ऐकून कोणाला रडू येणार असेल, तर त्याने आत्ताच उठून जावे.

माझा जन्म इंग्लंडमधल्या लीड्सच्या एका ओतशाळेतला. तिथून मी आगगाडीने हेस्कमला आले, समुद्राकाठच्या या लहानशा गावात. इथल्या छापखान्यात मी काय काय छापले म्हणून सांगू? लग्नाची निमंत्रणे, मेंढ्यांच्या लिलावाच्या जाहिराती, चर्चमधल्या जत्रेची पत्रके आणि माणसे गेल्यावर काळ्या किनारीची कार्डे. गावात माझ्या कामाला मान होता. निमंत्रण हातात आल्यावर लोक अक्षरांवरून बोट फिरवून बघत, कारण माझा ठसा कागदात चांगला रुतायचा.

पुढे छापखाना बंद पडला. गावचे बडे जमीनदार सर लायनेल ॲशकोट यांनी मला उचलून आपल्या तबेल्यात टाकले. कितीतरी वर्षे मी बटाट्यांच्या पोत्यांखाली पडून होते. एका कोंबडीने तर माझ्या शाईच्या तबकडीवर संसार थाटला होता. अशा वेळी यंत्रांना म्हणे वाईट वाटते. मला नुसता संताप यायचा.

मग सर लायनेलनी आपला बंगला दर उन्हाळ्यात एका अमेरिकन विद्यापीठाला द्यायला सुरुवात केली. जून लागला की तिकडची मुलेमुली मोठमोठ्या बॅगा ओढत येतात. सकाळी बागेतल्या झाडाखाली बसून इंग्रजी कविता आणि कादंबऱ्या वाचतात आणि दुपारी गावात फिरून बातमीदारी शिकतात. बातमीदारी शिकवायला होत्या विनिफ्रेड हॅडो. बाईंनी जन्मभर जिल्ह्याचे वर्तमानपत्र चालवले होते आणि जिल्ह्यातले निम्मे पुढारी त्यांना पाहून रस्ता बदलायचे. त्यांनी मला तबेल्यात पाहिले आणि काठीने पोते बाजूला सारले.

"हिला बाहेर काढा आणि तेल घाला," त्या म्हणाल्या. "संगणकाच्या पडद्यावर लिहिलेलं पुसता येतं, म्हणून ही पोरं वाटेल ते लिहितात. इथे अक्षराचा एकेक खिळा हाताने जुळवावा लागला की आपोआप तोलून मापून बोलतील."

तेव्हापासून दर शुक्रवारी माझ्यावर मुलांचे एक पानी वर्तमानपत्र निघू लागले. हॅडोबाईंचा त्यात एक नियम होता आणि त्याला कोणालाही सूट नव्हती. ज्याच्याविषयी लिहिले, त्याला पहिली प्रत लिहिणाऱ्याने स्वतः नेऊन द्यायची. पाठीमागे बोलायचे असेल तर न्हाव्याकडे जाऊन बसा, असे बाई सांगायच्या. या नियमामुळे अर्धी पोरे नुसत्या मांजरांवर आणि केकवर लिहायची.

टेसा ब्रनिंग मात्र त्यातली नव्हती. नेब्रास्कातल्या मक्याच्या शेतांमधून आलेली ही उंच मुलगी. तिच्या बोटांना शाई लागली की ती बिनदिक्कत पाटलोणीला पुसायची. मला ती पहिल्या दिवसापासून आवडली.

बंगल्याच्या मागून एक पायवाट जाते. हिरवळीच्या कडेने, ओढ्यावरून, थेट जुन्या दफनभूमीपर्यंत. ती वाट पूर्वापार गावाची. त्या उन्हाळ्यात सर लायनेलनी तिच्यावर फाटक बसवले आणि कुलूप घातले. हिरवळ लग्नसमारंभांना द्यायची होती आणि नवरानवरीच्या फोटोत मधूनच कोणी म्हातारा फुले घेऊन चालताना दिसायला नको होता. तो म्हातारा म्हणजे एडगर नन. त्याची बायको आयव्ही पलीकडे पुरलेली. तो रोज तिच्याकडे जायचा. आता त्याला टेकडीवरच्या मोटाररस्त्याने वळसा घालावा लागणार होता आणि त्याचे गुडघे तेवढे चालणारे नव्हते.

टेसाने त्याला फाटकापाशी गाठले. ती परत येऊन हॅडोबाईंना त्याचे बोलणे वाचून दाखवत होती, तेव्हा मी ऐकले.

"माझी वरात या वाटेनं गेली आणि बायकोची शवपेटीही याच वाटेनं गेली," एडगर म्हणाला होता. "त्या दोघींच्या मधे याचं कुलूप कुठून आलं? आणि मला फोटोत यायची हौस नाही, पोरी. मी आरशातसुद्धा फार वेळ थांबत नाही."

टेसा सर लायनेलनाही भेटली. त्यांनी तिला काकडीचे सँडविच खायला घातले आणि कुलूप आपलेच असल्याचे कबूल केले. तिने दोन्ही बाजू लिहिल्या. पहिल्या पानाचा उजवा रकाना पूर्ण भरला. वर मथळा होता, 'ओढ्यावरची वाट बंद', आणि खाली तिचे नाव. खिळे चौकटीत आवळून ती माझ्यावर चढवणार, तेवढ्यात कार्यक्रमाचे प्रमुख डॉक्टर ह्यू लॅथम आत आले. त्यांनी उभ्याउभ्या तपासणीसाठी काढलेला कच्चा ठसा वाचला आणि चष्मा काढला.

"टेसा, लिहिलंयस छान," ते म्हणाले. "पण आपण ज्याच्या घरात राहतो, त्याच्याबद्दल असं लिहायचं नसतं. पुढच्या वर्षी त्यांनी बंगला दिला नाही तर?"

"यात काही खोटं आहे का, सर?"

"खरंखोट्याचा प्रश्नच नाही. तो रकाना काढ. तिथे फुलांच्या प्रदर्शनाचे निकाल टाक. नाही काढलास, तर या विषयात तुला पास करणं मला अवघड जाईल."

"सर, सकाळीच आपण पायवाटांवरच्या कविता वाचल्या," टेसा म्हणाली. "तुम्ही तर वाचताना डोळेसुद्धा मिटले होते."

डॉक्टरांचे कान लाल झाले. रकाना रिकामा झालाच पाहिजे, एवढे बोलून ते निघून गेले.

टेसाबरोबर ओरिन नावाचा मुलगा शाई लावायला होता. तो म्हणाला, "टाक ना गं निकाल. वाटाण्याच्या फुलांना पहिलं बक्षीस, विषय संपला. नापास होऊन घरी गेलीस तर आई काय म्हणेल?"

"आई म्हणेल, वाटाणे बघायला एवढ्या लांब गेली होतीस का."

ती हॅडोबाईंकडे वळली. बाई खिडकीशी चहा पीत होत्या. "माझ्याकडे बघू नकोस," त्या म्हणाल्या. "पहिली प्रत तुला न्यायची आहे, मला नाही."

टेसा माझ्यापाशी आली. मग तिने चिमट्याने एकेक ओळ उचलली आणि मजकूर काढून टाकला. त्या जागी तिने शिशाच्या कोऱ्या पट्ट्या बसवल्या. या पट्ट्या खिळ्यांपेक्षा ठेंगण्या असतात, त्यामुळे शाई त्यांना शिवत नाही. मथळा मात्र तिने तसाच ठेवला. खालचे नावही ठेवले. मधे सबंध रकाना मोकळा.

"सरांनी रकाना रिकामा करायला सांगितलं," ती ओरिनला म्हणाली. "केला."

तिने माझ्या पायट्यावर पाय मारला. मित्रांनो, मी आयुष्यात पुष्कळ मजकूर छापला, पण त्या दुपारी ती पांढरी जागा छापताना मी जशी खडखडले, तशी कधीच खडखडले नव्हते. तबेल्याच्या खिडक्या हादरल्या. कोणी माझे स्क्रू सैल आहेत म्हणाले. म्हणू देत.

पहिली प्रत घेऊन टेसा हिरवळीवर गेली. मी तबेल्याच्या उघड्या दारातून सारे पाहत होते. सर लायनेल पाहुण्यांना चहा देत होते आणि डॉक्टर लॅथम शेजारीच उभे होते. सर लायनेलनी मथळा वाचला, कागद उलटला, पुन्हा सुलटा केला.

"इथे काहीच नाही," ते म्हणाले.

"नाही," टेसा म्हणाली. "तुम्हीच बंद केलंत ना."

ती तिथून हलली नाही, आणि पाहुण्यांनी कप खाली ठेवले.

बाकीच्या प्रती बाजारात वाटल्या गेल्या. पुढचे मी मुलांच्या तोंडून ऐकले. हेस्कमची माणसे तशी भिडस्त, कोणाला तोंडावर बोलतील तर शपथ. पण मथळ्याखालची ती रिकामी जागा त्यांना झोंबली. तिथे काय असणार, ते प्रत्येकाला ठाऊक होते, आणि आपण इतके दिवस गप्प होतो, हेही. रविवारी चर्च सुटल्यावर माणसे फाटकापाशी आली. घड्या घालायच्या खुर्च्या, चहाचे थर्मास आणि हातात तो कागद. कोणी घोषणा दिली नाही. त्यांनी नेहमीसारखी शिस्तीत रांग लावली आणि एडगरला पहिला नंबर दिला. हिरवळ बघायला आलेले वधूपक्षाचे लोक ती रांग पाहून गाडीतून उतरलेच नाहीत. चहाच्या वेळेला सर लायनेल स्वतः किल्ली घेऊन आले. एडगर टोपीला हात लावून आत गेला आणि ओढ्याच्या पुलावर दम खायला थांबला. त्याच्यामागे रांगेतले सगळे थांबले.

टेसा नापास झाली. हेही सांगायलाच हवे. पुढच्या उन्हाळ्यापासून हॅडोबाईंना बोलावणे आले नाही आणि मुलांचे पान पडद्यावर निघू लागले. मला घासूनपुसून बंगल्याच्या दिवाणखान्यात आणून ठेवले. माझ्याभोवती लाल दोरी बांधली आणि 'कृपया हात लावू नये' अशी पाटी अडकवली. पाहुण्यांना वाटते, किती छान जपले आहे. जपलेले नाही, कोंडलेले आहे.

म्हणून मित्रांनो, जुन्या वस्तूंची काळजी घ्या, असे मी तुम्हाला सांगणार नाही. माझी धूळ पुसू नका आणि माझ्याशेजारी उभे राहून फोटोही काढू नका. मला तेल हवे, शाई हवी आणि पायटा मारणारा पाय हवा. खरे कोणते, खोटे कोणते, हे मला कळत नाही. लोखंडाला ते कळायचे कारणही नाही. ते तुम्हाला कळले पाहिजे. आणि कळल्यावर ज्याच्याविषयी लिहाल, त्याच्यासमोर कागद घेऊन उभे राहता आले पाहिजे. तेवढी तयारी असेल तर सरळ आत या. दोरी सुताची आहे, आणि ती बांधताना मला कोणी विचारले नव्हते.