दातांखालचा ओठ

अमुदाने दारातल्या कोलमचं, रांगोळीचं तांदळाचं पीठ चिमूटभर तळहातावर घेतलं, तोंडाजवळ नेलं आणि वरचे दात खालच्या ओठावर टेकवून म्हणाली, "फनेत्र."

पीठ जागचं हललं नाही. म्हणजे परत 'पनेत्र' झालं. फ्रेंचमधल्या 'खिडकी' या साध्या शब्दापाशीच तिची तमिळ जीभ अडत होती. दात-ओठांतून वारा सोडायचा, तर ओठ आपसूक मिटत होते.

"दात विचकून कुणाला भिववतेस गं पहाटेपहाटे?" नातीला, याळिनीला कडेवर घेऊन सासू दारात आली. "पिठाला आलेल्या मुंग्या पळाल्या बघ."

"आज मुलाखत आहे, अत्तै."

"ठाऊक आहे. त्यांची पोरं सांभाळायला हात पाँडिचेरीचे चालतात, तोंड मात्र पॅरिसचं हवं!"

अमुदा हसली नाही. त्या फ्रेंच पाळणाघरात मदतनिसाला स्वतःचं मूल सोबत ठेवता येत होतं. ती नोकरी हुकली, तर कपड्यांच्या कारखान्यात दिवसभर शिलाई, आणि सासूला दिवसभर झेपणार नाही म्हणून याळिनी विळुप्पुरमला आजोळी. धड चालायलाही लागली नव्हती पोर.

तिने परत पीठ घेतलं. कोलम अर्धाच राहिला. पायरीभर पीठ उडालं, तेव्हा कुठे ती उठली.

पाळणाघराच्या संचालिकाबाईंनी चित्रांचं पुस्तक पुढे केलं. याळिनी मांडीवर बोट चोखत होती. अमुदा वाचू लागली. एकही फ चुकला नाही. मग 'मेझों'चं 'मेसों' झालं.

बाईंनी मान डोलावली. "वाचा पुढे."

अमुदा थांबली. मागे आली. 'मेझों', म्हणजे घर, हा एवढासा शब्द तिने घसा घुमवून नीट उच्चारला आणि मगच पान उलटलं.

वाचून झालं. बाई उठून भिंतीपाशी गेल्या. तिथे मुलांच्या पिशव्या टांगायच्या खुंट्या होत्या, प्रत्येकीवर नावाची चिठ्ठी. एका रिकाम्या खुंटीपाशी त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

"हिचं नाव?"

"याळिनी."

"याझिनी."

"याळिनी, मादाम."

"याजिनी." बाईंनी हसून खांदे उडवले. "जवळपास तेच ना?"

हो म्हणून टाकणं सोपं होतं. नोकरी दिली, असं अजून कुणी तोंडाने म्हटलं नव्हतं. अमुदा मुलीला कडेवर घेऊन बाईंसमोर जाऊन उभी राहिली.

"नाही," ती फ्रेंचमध्ये म्हणाली. "जीभ अजून मागे वळवा."