भिंत सुकेपर्यंत

पहिला थर

निवृत्तीनंतर कारखान्याच्या टाउनशिपमधलं क्वार्टर सोडावं लागणार, म्हणून श्रीकांतने जुन्या शहरात, जहांगीराबादेत एक जुनं घर घेतलं. उभा जन्म कारखान्यात गेलेला, भिंत म्हणजे सिमेंट एवढंच त्याला ठाऊक. चुन्याचा हट्ट त्याच्या बायकोचा, रजनीचा. तिला दमा, ओल लागली की छाती भरून यायची.

"चुन्याची भिंत ओल कोंडत नाही हो, श्वास घेते," ती म्हणाली. "आम्हा दोघींतल्या एकीने तरी नीट घ्यावा!"

शफीक मिस्त्रीने भिंतींचे पोपडे खरवडले. हौदात मुरवलेला चुना, त्यात मेथीचं पाणी, गूळ, बेलाचा गर. पहिला थर चढला. आता तो आतून सुकेपर्यंत नुसतं थांबायचं.

त्यातच रजनीला साकेत नगरच्या दवाखान्यात ठेवावं लागलं.

दुसरा थर
(हा द्यायला नको होता.)

"घर झालं का हो?" मास्क बाजूला करून रोज तेच.

"होतंय."

"मला तिथे न्या. इथे नको."

डॉक्टर म्हणाले, थोडी बरी आहे, नेणार असाल तर आता न्या, पण जपा. श्रीकांतला 'आता' तेवढंच ऐकू आलं. कारखान्यात तारीख ठरली की माल बाहेर पडलाच पाहिजे. तो आयुष्यभर हेच करत आलेला.

"शफीकभाई, वरच्या थरात सिमेंट घातलं तर?"

"फिर क्या, साब! फटाफट हो जाएगा." शफीकलाही दुसरं काम खुणावत होतं.

रजनी आली. गुळगुळीत भिंतीवरून तळहात फिरवून हसली. थोड्याच दिवसांत तिच्या पलंगामागे भिंत फुगली, काळी पडली. आतलं पाणी आतच अडकलं होतं. तिची छाती वाजायला लागली.

"काय घातलंत हो त्यात?"

तो फुगलेला पोपडा नखाने खरवडत राहिला.

"सिमेंट?"

"तुला लवकर आणायचं होतं गं."

"अहो," ती श्वास गोळा करत म्हणाली, "मी थांबले असते ना."

तिला परत दवाखान्यात नेलं. तिथून ती आली नाही.

तिसरा थर

तेरावं झाल्यावर शफीक डोकावला. "अब रहने दो, साब. अकेले आदमी को क्या!"

श्रीकांत छिन्नीने सिमेंट उतरवत राहिला. खाली चुना अजून ओलाच होता. त्याने खिडक्या सताड उघडल्या, खुर्ची ओढली आणि भिंतीसमोर बसला. कसलीच घाई नव्हती.