खंडेनवमीचा डॅशबोर्ड

पवित्राने डॅशबोर्डची डावी बाजू दोन्ही तळव्यांवर तोलून धरली आणि उजवीकडून बसवंतअण्णांनी वरचा शेवटचा स्क्रू आवळला. फियाटचा तो लांबलचक पत्रा दोन वर्षांनी आपल्या जागी बसला. नवा सायीसारखा रंग, पुसून लख्ख केलेली मीटरची काच, काचेमागे लाल काटा. पवित्राला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या, पण हात गुंतले होते.

"सोड आता. बसलं," अण्णा म्हणाले.

आज खंडेनवमी. बोम्मसंद्र्याच्या कारखान्यांतली यंत्रं सकाळपासून गप्प होती आणि नाक्यावरच्या रिक्षांना केळीचे खुंट बांधून झाले होते. अण्णांच्या फियाटची पूजाही दरवर्षी व्हायची, पण गाडी बंद पडून अकरा वर्षं झाली होती. पूजा झाली की चाकांखाली लिंबं ठेवायची आणि गल्लीतल्या चौघांनी गाडी मागून ढकलून ती चिरडायची, असा रिवाजच पडून गेला होता. यंदा फियाट स्वतःच्या इंजिनावर लिंबांवरून जाणार, हे अण्णांनी महिनाभर अख्ख्या गल्लीला ऐकवलं होतं. त्यांची पुतणी पवित्रा दर शनिवारी मारतहळ्ळीहून बस बदलत यायची, तीही याच दिवसासाठी. तिचं काम ठरलेलं: मोबाइलचा उजेड धरायचा आणि मागतील तो पाना द्यायचा. कारखान्याच्या टूलरूममध्ये चौतीस वर्षं काढलेला माणूस गाडीला दुसऱ्याचा हात लागू देईल, ही आशाच नको.

कुंपणावरून टेम्पोवाला कल्लाप्पा डोकावला.

"काय अण्णा, ढकलायला किती माणसं आणू?"

"एक पण नको. तू लिंबं आण."

कल्लाप्पा हसत गेला. आता डॅशबोर्डमागच्या तीन वायरी जोडायच्या, की किल्ली फिरवायला मोकळे. त्याआधी घोटभर चहा म्हणून दोघं आत गेली. जाताना अण्णांनी हत्यारांची पेटी बंद केली. पेटी उघडी टाकून उठायचं नाही, ही टूलरूमची सवय.

चहा संपवून दोघं बाहेर आली तर पेटी गायब.

ती देवघरात सापडली. अण्णांच्या बायकोने, ठकुबाईंनी, पाने, स्क्रूड्रायव्हर, हातोडी, सगळं पाटावर ओळीने मांडून हळदकुंकू वाहिलं होतं. पकडीच्या जबड्यात झेंडूचं फूल होतं.

"पेटी बंद दिसली," ठकुबाई म्हणाल्या. "मला वाटलं, झालं तुमचं."

"तीन वायरी राहिल्या की गं."

"अगं बाई. आता?"

आता काही नाही. पूजेला लागलेलं हत्यार दुसऱ्या दिवसापर्यंत उचलायचं नाही. नोकरीत असताना एकदा खंडेनवमीलाच मशीन अडली होती, साहेबांनी घरी गाडी पाठवली, तरी अण्णांनी पान्याला हात लावला नव्हता. त्यांच्यापुढे 'चालतं हो' म्हणायची कोणाची छाती नव्हती.

"कल्लाप्पाची पकड आणते," पवित्रा म्हणाली.

"त्याची पण पूजेलाच असणार."

अण्णा पायरीवर बसले.

"सांग कल्लाप्पाला," ते म्हणाले. "माणसं आण म्हणावं."

पवित्रा गेली नाही. ती फियाटमध्ये शिरली, पुढच्या सीटसमोर खाली पाठ टेकून उताणी झाली आणि डॅशबोर्डच्या मागे पाहू लागली. तीन वायरी लोंबत होत्या. त्यांच्या जागी तीन पितळी नट होते, छोटे, गोल, कडेला बारीक खाचा. तिने एकाला बोट लावलं. तो सहज फिरला.

"अण्णा, याला पकड कशाला लागते? हे नट तर बोटांनी फिरवायचे आहेत."

तिने मान वळवली. अण्णा दारापाशी येऊन उभे होते आणि स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत होते.

"माझ्या बोटांनी नाही फिरत गं आता," ते म्हणाले. "बोटं थरथरतात."

दोन वर्षं ती शेजारी बसून उजेड धरत होती. एवढ्याशा कामालाही अण्णा पकड मागायचे आणि ती निमूट द्यायची. तिला स्वतःची लाज वाटली, आणि त्याहून जास्त त्यांच्याबद्दल माया दाटून आली. तिने खिशातून मोबाइल काढला, त्याचा दिवा लावला आणि त्यांच्यापुढे धरला.

"तुम्ही उजेड धरा."

अण्णा क्षणभर घुटमळले. मग गुडघे टेकून वाकले. उजेड पितळेवर हलत राहिला, पण दिसायला पुरेसा होता.

"तांबडी आधी. किल्लीची ती," अण्णा सांगू लागले. "काळी नव्हं. स्वल्प डावीकडे. हां, आता फिरव. अजून अर्धा."

"बसला."

"ओढून बघ."

"नाही निघत."

"सरी, बरोबर. दुसरी घे."

त्यांच्या आवाजात जोर चढत गेला. तिचं मनगट पत्र्याला खरचटलं, डोळ्यांत गंज पडला, तरी ती हसत होती. तिसरा नट बसल्यावर ती सरपटत बाहेर आली तेव्हा अण्णा स्टिअरिंगमागे बसलेही होते.

पहिल्यांदा इंजिन नुसतं खोकलं. दुसऱ्यांदा डॅशबोर्डवरचा तांबडा दिवा लागला, विझला, आणि फियाट धडधडू लागली. ठकुबाई ओल्या हातांनी धावत आल्या. कल्लाप्पा लिंबं घेऊन फाटकातच थबकला.

घाईघाईने पूजा झाली. बॉनेटला हार, काचेवर स्वस्तिक, चाकांखाली चार लिंबं. मग अण्णा खाली उतरले आणि ठकुबाईंच्या हातातली थाळी त्यांनी घेतली. पवित्राचा काळा झालेला हात पुढे ओढून त्यांनी तिच्या पाचही बोटांना हळदकुंकू लावलं. ओळीतलं एकही हत्यार वगळायचं नाही अशा बेताने, एकेक करून.

नंतर स्टिअरिंगची जागा मोकळी ठेवून, गाडीला वळसा घालून ते डाव्या सीटवर जाऊन बसले.

"बघत काय बसलीस," ते आतून म्हणाले. "घे की पुढं, इंजिन तापतंय."