भिंतीपलीकडची हाक

खोली मिळाली तरी इस्त्रीवाली सुरुवातीला पलंगावर झोपलीच नाही. दाराला पाठ लावून जमिनीवर मुटकुळं करून पडायची. कैक वर्षं पुलाखाली काढलेली बाई. पाठीशी काही घट्ट असल्याशिवाय तिचा डोळा लागत नसे. एकेकाळी ती हॉटेलच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करायची. मग आई गेली, आणि गेलेली आई हिच्या डोक्यात येऊन बसली. ‘ऊठ गं छबे, चल इथून,’ म्हणाली की ही उठून चालायला लागायची. अशीच एकदा कामावरून निघाली ती घरी पोचलीच नाही.

ही इमारत तिच्यासारख्यांसाठीच होती. कुणाचं डोकं बिघडलेलं, कुणाला दारूनं धुऊन काढलेलं. पण ज्याला त्याला आपली खोली, आपली किल्ली. खाली ऑफिसात वॉर्डनबाई. गोळ्यांनी आईचा आवाज बारीक झाला होता, पुसला गेला नव्हता.

शेजारी ड्रायव्हर राहायचा. आधी तो ट्रक चालवायचा, मग बाटली त्याला चालवायला लागली. आता बाटली सोडली होती. भेटला की हमखास विचारायचा, “काय मग, आज कुणाच्या सुरकुत्या काढल्या?”

एका दुपारी ती खोलीत कपडे वाळत घालत असताना आवाज आला, “दार उघड.”

तिच्या हातातला सदरा खाली पडला. आई परत आली! वॉर्डनबाईंना सांगावं तर गोळ्या वाढणार, नाहीतर पुन्हा इस्पितळ. तिनं मुकाट्यानं कान घट्ट दाबून धरले.

आवाज थांबला.

हात काढले. “दार उघड.” पुन्हा दाबले. पुन्हा शांत.

आईला कान लागत नसत. कान झाका, डोकं उशीत खुपसा, आई बोलतच राहायची. शिवाय ती ‘छबे’ म्हटल्याशिवाय कधी बोललीच नव्हती. हा आवाज ड्रायव्हरच्या बाजूच्या भिंतीतून येत होता. भिंतीला कान असतात म्हणतात, इथे भिंतीला तोंड फुटलं होतं.

ती अनवाणीच खाली धावली. “बाई, ड्रायव्हर हाका मारतोय!”

वॉर्डनबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. “सकाळची गोळी घेतली होतीस ना?”

“घेतली. माझे आवाज मला ओळखू येतात, बाई. हा माझा नाही!”

कसं कोण जाणे, पण वॉर्डनबाई उठल्या. जादा किल्लीनं दार उघडलं. ड्रायव्हर पलंग आणि भिंतीच्या मधे अडकून पडला होता, डोळे सताड उघडे, तोंडाला फेस. अ‍ॅम्ब्युलन्स आली. डॉक्टर म्हणाले, थोडा उशीर झाला असता तर हाती काही लागलं नसतं.

ड्रायव्हर परत आला तो काठी टेकत. सगळे इस्त्रीवालीला डोक्यावर घ्यायला लागले. तो मात्र तिच्या दारात येऊन उभा राहिला.

“तुला कुणी सांगितलं गं?”

“तूच की. ‘दार उघड’ म्हणत होतास.”

त्यानं मान हलवली. “दातखीळ बसली होती माझी. सगळं कळत होतं, पण तोंडातून शब्द फुटत नव्हता. आणि…” त्याचा आवाज खाली आला. “मीही ऐकलं ते. मला वाटलं, बाहेरून तूच म्हणतेयस.”

दोघंही भिंतीकडे बघत राहिले. हसावं की पळावं, कुणालाच कळेना.

हे तिनं वॉर्डनबाईंना सांगितलं नाही. पण ती खंगायला लागली, जेवण जाईना. तेव्हा बाईच म्हणाल्या, “वर एक खोली रिकामी झालीय. कोपऱ्यातली, उजेडाची. शेजारपाजार नाही. जातेस?”



“नको बाई,” इस्त्रीवाली म्हणाली. “रिकाम्या भिंतीपेक्षा ही बरी. हिच्यापलीकडे निदान कुणीतरी आहे.”